फराहचा आवाज उसना नको होता

पटकथेत एक ओळ लिहून मोकळं होता येतं: मुलगी माइकसमोर येते, गाऊ लागते आणि बारमधला गोंगाट थांबतो. ती ओळ पडद्यावर आणायची म्हटलं की मात्र घोडं अडतं. गाणं खरोखरच तसं असावं लागतं आणि गाणाऱ्या मुलीच्या गळ्यात ते मुरलेलं असावं लागतं. त्यातून या गाण्यापायीच पोलीस तिला उचलून नेतात अशी गोष्ट असेल, तर प्रेक्षकालाही ते ऐकताना पटलं पाहिजे की सत्तेला हे टोचणारच. संगीतावरचे कितीतरी चित्रपट इथेच फसतात. पात्रं एकमेकांना सांगत राहतात की ही काय जबरदस्त गाते, आणि आपल्या कानांवर मात्र काहीच उमटत नाही.

ट्युनिशियाची दिग्दर्शिका लैला बूझीद हिनं पूर्ण लांबीचा पहिलाच चित्रपट करताना हा धोका ओळखला होता. म्हणूनच सगळ्यात सोपी वाट तिनं आधीच बंद करून टाकली. गाणी स्टुडिओत ध्वनिमुद्रित करायची, सेटवर ती वाजवायची आणि नटांनी ओठ हलवायचे, हे तिला नको होतं. गाणं कॅमेऱ्यासमोर, त्याच क्षणी, त्याच खोलीत गायलं जाणार होतं. चित्रपटाचं अरबी नाव 'अला हल्लेत ऐनी'. बाहेरच्या जगात तो 'अ‍ॅज आय ओपन माय आइज' म्हणून ओळखला जातो. २०१५ च्या व्हेनिस महोत्सवाच्या वेळी 'व्हेनिस डेज' या विभागात तो पहिल्यांदा दाखवला गेला. तिथे त्याला प्रेक्षक पुरस्कार मिळाला आणि युरोपा सिनेमाजचा पुरस्कारही. पण मला त्या पुरस्कारांपेक्षा त्यामागच्या खटपटीबद्दल सांगायचंय.

आधी थोडक्यात गोष्ट. २०१० चा उन्हाळा, ट्युनिस शहर. अठरा वर्षांची फराह बारावीच्या तोडीची परीक्षा उत्तम गुणांनी पास झाली आहे. घरच्यांना ती डॉक्टर व्हायला हवी आहे. फराह मात्र एका बँडमध्ये गाते. बँडमध्ये ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणारा बोरहान तिचा प्रियकर आहे. रात्री उशिरा घरी येणं, बारमध्ये पुरुषांच्या गर्दीत बिनधास्त वावरणं, आईशी खोटं बोलणं हे सगळं चालू आहे. तिची गाणी काम नाकारलेल्या, पोटाला चिमटा काढून जगणाऱ्या, आपल्या गल्लीबाहेरचं आयुष्यच न दिसलेल्या माणसांची आहेत. कुठला पक्ष नाही, पत्रकं नाहीत, दगडफेक नाही. डोळे उघडल्यावर जे दिसतं तेवढंच ती गाते. आणि एक दिवस बस स्टँडवरून ती नाहीशी होते. पोलीस ठाण्यात तिची चौकशी होते तेव्हा आपल्याला कळतं की या मुलीची फाइल कधीपासूनच तयार होत होती.

या चित्रपटात गुन्हा असेल तर तो एवढाच. मग तो गुन्हा, म्हणजे ते गाणं, नकली असून कसं चालेल? लैला बूझीदचा हट्ट नुसता कलात्मक नखरा नव्हता असं मला ठामपणे वाटतं, ते यासाठीच.

संगीत कोणी करायचं हा पहिला पेच. ट्युनिशियात संगीतकारांची वाण नव्हती, पण निवड झाली खय्याम अल्लामी याची. तो इराकी आई-बापांच्या पोटी दमास्कसमध्ये जन्मला आणि लहानपणीच लंडनला आला. तिथे तरुण वयात रॉक बँडमध्ये ड्रम्स वाजवले आणि २००४ च्या सुमाराला ऊदकडे वळला. म्हणजे रॉकचा दणका आणि अरबी मकाम, म्हणजे तिथले राग, या दोन्ही गोष्टी त्याच्या हातात आधीपासून होत्या. हाच माणूस पुढे संगीताच्या सॉफ्टवेअरशी भांडायला उठला. संगणकावर गाणं बनवायची बहुतेक साधनं युरोपी स्वरसप्तकच गृहीत धरतात आणि अरबी संगीतातले मधले स्वर त्यात धड बसत नाहीत. ते स्वर सहज वापरता यावेत म्हणून त्यानं २०२१ साली 'लेइमा' आणि 'अपोटोम' ही साधनं लोकांसाठी खुली केली. एवढ्या बारकाव्यानं स्वरांचा विचार करणारा माणूस फराहच्या बँडला मिळाला.

पण त्याच्यापुढचं काम अवघड होतं. बँडचं संगीत ट्युनिसच्याच रस्त्यावरचं वाटायला हवं होतं. इथे मदतीला आलं 'मेझवेद'. मेझवेद म्हणजे बकरीच्या कातड्याच्या पिशवीत हवा भरून वाजवायचं पुंगीसारखं वाद्य, आणि त्या वाद्यावरून नाव पडलेली गाण्यांची जात. शहराच्या कामगार वस्त्यांतलं, लग्नाच्या वरातीतलं, दारूच्या अड्ड्यातलं हे संगीत. त्यातलाच एक प्रकार 'झिंदाली', तुरुंगातल्या कैद्यांची गाणी. भल्या घरांत आणि सरकारी टीव्हीवर मेझवेदला फार काळ दाराबाहेरच ठेवलं होतं. १९९१ मध्ये फाझल जझीरी आणि समीर अग्रेबी यांनी 'नूबा' हा भव्य कार्यक्रम रंगमंचावर आणला, तेव्हा कुठे प्रतिष्ठितांनी या गाण्यांकडे मान वळवली. अल्लामीनं मेझवेदची लय घेतली आणि तिच्यावर रॉकचा भार टाकला. शब्द लिहिले गस्सान अमामी या तरुण ट्युनिशियन कवीनं, तेही पुस्तकी अरबीत न लिहिता ट्युनिसच्या बोलीत. परिणाम असा की पहिल्याच ठोक्याला कळतं, ही पोरं इथलीच आहेत. आणि ज्या संगीताच्या कपाळी आधीच तुरुंगाचा शिक्का आहे, त्याच्यावर गाणारी मुलगी पुढे पोलिसांच्या हाती लागते. ही गुंफण कथेत कुणी बोलून दाखवत नाही, ती फक्त तालात आहे.

मग गळा शोधायचा होता. गाणारी मुलगी घ्यावी तर तिला अभिनय यायला हवा. अभिनेत्री घ्यावी तर मागून दुसरीचा आवाज देता येणार नाही, कारण तसं करायचं नाही हे ठरलेलंच. बाया मदफ्फर या तरुणीला फराह मिळाली. चित्रपटात जो आवाज ऐकू येतो तो तिचाच. तो काही वर्षानुवर्षं तालीम घेतलेला घोटीव आवाज नाही. वरच्या पट्टीत तो थोडा खरखरतो, कधी श्वास कमी पडतो, आणि हेच फराहला शोभतं. अठराव्या वर्षी बारमध्ये गाणाऱ्या मुलीचा आवाज मैफिलीतल्या गायिकेसारखा तुळतुळीत निघाला असता तर मला तरी तो पटला नसता.

बँडमधल्या बाकीच्यांसाठीही लैलानं वाजवणाऱ्या मंडळींमधूनच बरीचशी निवड केली. बँडमधल्या इनेसचं काम करणारी दीना अब्दलवाहिद ही पुढे इलेक्ट्रॉनिक संगीतात जगभर नाव झालेली कलाकार. तिचा 'खोन्नार' हा अल्बम २०१८ मध्ये आला आणि युरोपातल्या क्लबांमध्ये गाजला. चित्रपटात ती एका कोपऱ्यात तिच्या यंत्रांपाशी उभी दिसते.

प्रत्यक्ष गाऊन चित्रीकरण करणं म्हणजे नेमका काय त्रास, हे सेटवर गेलेल्यालाच नीट कळतं. प्लेबॅकमध्ये गाणं पक्कं असतं. दिग्दर्शक एका टेकमधला चेहरा आणि दुसऱ्या टेकमधला हात जोडू शकतो, कारण दोन्हींच्या खाली ध्वनी एकच आहे. जिवंत गाण्यात ही सोय जाते. पहिल्या टेकला ड्रमर जरा उत्साहात असतो, पाचव्या टेकला दमलेला. लय केसभर सरकली तरी दोन तुकडे जुळत नाहीत. गायिकेनं एखादा शब्द ओढून म्हटला की पुढचं सगळं पुढे ढकललं जातं. गिटारचा आवाज गायिकेच्या माइकमध्ये शिरतो आणि गायिकेचा ड्रम्सच्या माइकमध्ये. कोपऱ्यातल्या फ्रिजची घरघर बंद करावी लागते आणि शूट संपल्यावर तो चालू करायची आठवणही ठेवावी लागते. गर्दीतल्या लोकांना तोंड मिटून नाचायला सांगावं तर नाच मेल्यासारखा दिसतो, आणि ओरडू द्यावं तर शब्द बुडतात. छायालेखकालाही गाण्यात काय येणार हे पाठ असावं लागतं, कारण कॅमेरा चुकला तर सगळ्यांना सुरुवातीपासून गावं लागतं, आणि गळा काही दिवसभर पुरत नाही.

हा सगळा जाच सोसून मिळालं काय? पडद्यावर बघा. बाया गाताना तिच्या मानेवरच्या शिरा ताणलेल्या दिसतात. कडव्याच्या शेवटी ती माइकपासून अर्धं पाऊल मागे येते, श्वास घेते, बोरहानकडे बघते, आणि त्याचं ऊद तिला पुढे घेऊन जातं. एकीला चुकण्याची भीती आहे आणि दुसरा तिला सावरतो आहे, हे दोघांच्या नजरेत खरोखर घडताना दिसतं. ओठ हलवणाऱ्या नटाला चुकण्याची भीतीच नसते, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर ती येणार कुठून?

आता खबऱ्याची गोष्ट. बँडच्या वर्तुळातलाच एकजण पोलिसांना बातम्या पुरवत असतो, असं चित्रपटात पुढे उघड होतं. हे कथानकाला वळण देण्यासाठी शोधून काढलेलं नाही. लैला बूझीदनं स्वतःच सांगितलंय की तरुणपणी ती ज्या फिल्म क्लबमध्ये होती, तिथला एक अगदी जवळचा मित्र पोलिसांसाठी काम करत होता हे नंतर त्यांना समजलं. ज्याच्याबरोबर सिनेमे पाहिले, वाद घातले, घरी जेवलो, तोच. राष्ट्राध्यक्ष बेन अली यांनी ७ नोव्हेंबर १९८७ ला सत्ता घेतली आणि पुढची तेवीस वर्षं त्यांच्या राजवटीचा खरा आधार असे खबरेच होते. शेजारी कोण बसलंय याची खात्री कुणालाच नसायची. त्यामुळे चित्रपटात मारहाणीची दृश्यं फार नाहीत, पण टॅक्सीत, बारमध्ये, जिन्यावर कुणीतरी मागून बघतंय ही जाणीव पहिल्यापासून शेवटपर्यंत अंगावर राहते. ज्यानं ती भोगलीय त्यालाच ती इतक्या बारकाईनं रंगवता येते.

गाणाऱ्याला गुन्हेगार ठरवायची हत्यारंही तिथे कायद्यातच होती. १९९२ चा ५२ क्रमांकाचा कायदा अमली पदार्थांबद्दलचा. लघवीच्या चाचणीत अंश सापडला तरी किमान एक वर्ष तुरुंग आणि १००० दिनार दंड, आणि शिक्षा कमी करण्याची मुभा न्यायाधीशालाही नव्हती. नको असलेल्या तरुणांना, त्यात रॅपर आणि कलाकार आलेच, आत टाकायला याहून सोपी वाट कुठली? २०१७ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि न्यायाधीशांचे हात थोडे मोकळे झाले. काही वेळा असा आडोसाही घेतला गेला नाही. स्फाक्स शहराचा रॅपर एल जनरल यानं २०१० च्या नोव्हेंबरात थेट राष्ट्राध्यक्षांना उद्देशून गाणं इंटरनेटवर टाकलं आणि जानेवारी २०११ च्या पहिल्या आठवड्यात पोलिसांनी त्याला घरातून नेलं. देशभर ओरड झाली तेव्हा तो सुटला. त्यानंतर काही दिवसांतच, १४ जानेवारीला, बेन अली देश सोडून पळाले.

राजवट गेली म्हणून सगळं बदललं असंही नाही. २०१३ मध्ये 'वल्द अल १५' या रॅपरला पोलिसांवरच्या एका गाण्यासाठी दोन वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि तीही स्थगित झाली. म्हणजे लैला आपल्या चित्रपटाची जुळवाजुळव करत होती त्या काळातही गाण्यावरून खटले चालूच होते.

बेन अली यांना घालवणाऱ्या क्रांतीनंतर ट्युनिशियात कॅमेरा हाती असलेला जो तो रस्त्यावरचे मोर्चे टिपत होता. पुढे काय, हा एकच विषय. लैलाला वाटलं की आधीची घुसमट लोक फार लवकर विसरताहेत. म्हणून तिनं गोष्ट २०१० च्या उन्हाळ्यात ठेवली. सिदी बूझीद गावात मोहम्मद बुअझीझी यानं स्वतःला पेटवून घेतलं आणि क्रांतीची ठिणगी पडली ती १७ डिसेंबरला. चित्रपट त्या तारखेपर्यंत पोचतच नाही. फराहला माहीत नाही की आणखी काही महिन्यांनी काय होणार आहे, आणि दिग्दर्शिका तिला ते कळूही देत नाही. हा संयम मला फार मोलाचा वाटतो. क्रांतीच्या जयघोषावर चित्रपट संपवला असता तर टाळ्या नक्की मिळाल्या असत्या. पण मग फराहच्या वाट्याला आलेली ती चौकशीची खोली एखाद्या विजयाची किंमत वगैरे होऊन बसली असती. इथे ती फक्त एका मुलीवर झालेला अन्याय राहते.

फराहचा बाप घरी नसतो. तो दूर दक्षिणेला, गाफ्साच्या फॉस्फेटच्या खाणींकडे नोकरीला आहे. सत्ताधारी पक्षाचं सदस्यत्व घ्यायला त्यानं नकार दिला म्हणून त्याची ट्युनिसला बदली होत नाही. चित्रपटात हे दोन-चार वाक्यांत येऊन जातं, पण ट्युनिशियन प्रेक्षकाला गाफ्सा म्हटलं की २००८ आठवतं. त्या जानेवारीत फॉस्फेट कंपनीच्या नोकरभरतीतल्या वशिलेबाजीवरून त्या पट्ट्यात उठाव झाला आणि तो जवळजवळ सहा महिने धुमसत राहिला.

बापाचा विषय निघालाच आहे तर नूरी बूझीद यांच्याबद्दल सांगायलाच हवं. लैलाचे वडील. ट्युनिशियाच्या सिनेमातलं मोठं नाव. डाव्या चळवळीत होते म्हणून सत्तरच्या दशकात पाच वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढला. त्या अनुभवावरचा 'गोल्डन हॉर्सशूज' हा त्यांचा चित्रपट १९८९ चा. आणि २००६ मध्ये त्यांनी 'मेकिंग ऑफ' केला. त्याची कथा ऐका: ब्रेकडान्स करणारा एक बेकार तरुण, नाचावरून पोलिसांचा ससेमिरा मागे लागलेला, हळूहळू दहशतवाद्यांच्या जाळ्यात ओढला जातो. या चित्रपटात एक विलक्षण गोष्ट आहे. मधेच कथा थांबते. नायकाचं काम करणारा लोत्फी अब्देल्ली भूमिका सोडून दिग्दर्शकाशी भांडायला लागतो, हे मला झेपणार नाही, तुम्ही मला कुठे नेताय, असं विचारतो. आणि नूरी बूझीद स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन त्याची समजूत काढतात. पडद्यामागचं सगळं त्यांनी सरळ पडद्यावर आणून ठेवलं. ट्युनिसच्या कार्थेज चित्रपट महोत्सवातलं 'सुवर्ण तानीत' हे सर्वोच्च पारितोषिक त्या वर्षी याच चित्रपटाला मिळालं. बापानं नाचणाऱ्या मुलाची गोष्ट सांगितली आणि नऊ वर्षांनी लेकीनं गाणाऱ्या मुलीची. दोन्हीकडे सुरुवात एकच आहे, तरुण शरीराला मोकळं व्हायचंय आणि पोलिसांना ते बघवत नाही. पण वडिलांचा नायक खरोखर गुन्ह्याकडे ढकलला जातो आणि लेकीची नायिका काहीही न करता गुन्हेगार ठरते. लेकीनं वडिलांची री ओढली नाही, प्रश्न दुसऱ्या टोकाकडून धरला.

आईची निवड हा माझ्या मते या चित्रपटाचा सगळ्यात सुंदर निर्णय. हयात, फराहची आई. सतत धाकात, सतत रागात, मुलीवर पाळत ठेवणारी. तिच्या स्वतःच्या तरुणपणात काहीतरी दडपलेलं आहे हे आपल्याला हळूहळू कळतं. या कामासाठी लैलानं घेतली घालिया बेनाली. ब्रसेल्समध्ये जन्मलेली, दक्षिण ट्युनिशियातल्या झर्झिसला वाढलेली आणि अरबी जगात गायिका म्हणून मानली जाणारी घालिया. इजिप्तची थोर गायिका उम्म कुल्सूम हिची गाणी गाऊन तिनं २०१० मध्ये एक अख्खा अल्बम केला होता. उम्म कुल्सूमला हात घालायचा म्हणजे कुणाचंही काम नव्हे. अशी गायिका घ्यायची आणि तिला गाऊ द्यायचं नाही! जवळपास संपूर्ण चित्रपटभर तो आवाज फक्त ओरडायला, विनवायला, फोनवर खोटं बोलायला वापरला जातो. ट्युनिसमधला प्रेक्षक तिला ओळखतो, त्यामुळे तिचं न गाणं त्याला ऐकू येत राहतं.

पोलिसांच्या ताब्यातून सुटून आलेली फराह गप्प झालेली असते. खोलीतून बाहेर येत नाही, बोलत नाही. तेव्हा आई तिच्याजवळ बसते आणि मुलीचंच गाणं म्हणू लागते. वाद्य नाही, ताल नाही. मुलीला ते धरता येत नाही, घसा दाटतो, एखादा शब्द येतो आणि तुटतो. आई थांबते, पुन्हा तिथूनच उचलते. इथे प्लेबॅक वापरला असता तर चित्रपटाचा कणाच मोडला असता. बाया मदफ्फरचा तुटणारा स्वर आणि घालियाचा वर्षानुवर्षांचा कसलेला गळा, दोन्ही एकाच खोलीत, एकाच वेळी, एकमेकांना ऐकत आहेत. दिग्दर्शिकेनं पहिल्या दिवसापासून जो हट्ट धरला होता, तो या प्रसंगासाठीच धरला असावा असं मला वाटतं.

आपल्याकडच्या रसिकाला इथे चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' आठवल्यावाचून राहणार नाही. तो २०१४ च्या व्हेनिसला गाजला, 'अला हल्लेत ऐनी' त्याच्या पुढच्याच वर्षी. 'कोर्ट'मधले शाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप आहे की त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं आत्महत्या केली. तिथेही गाणं आरोपीच्या पिंजऱ्यात आहे, आणि तिथेही ते उसनं नाही. वीरा साथीदार हे चळवळीत आयुष्य घालवलेले कार्यकर्ते शाहिराच्या भूमिकेत होते आणि गाण्यांमागे संभाजी भगत होते. मुंबईचं सत्र न्यायालय आणि ट्युनिसचं पोलीस ठाणं यांत अंतर पुष्कळ. पण दोन्ही दिग्दर्शकांना एकच गोष्ट उमगली होती. ज्या गाण्यावर खटला भरायचा, ते प्रेक्षकाला खरंखुरं ऐकवल्याशिवाय अन्यायाचं वजन कळत नाही.

शेवटी २०१५ च्या कार्थेज महोत्सवाबद्दल सांगतो. व्हेनिसहून चित्रपट मायदेशी आला, नोव्हेंबर २०१५ मध्ये. महोत्सवाचा मुख्य माहोल तेव्हा हबीब बूरगीबा रस्त्यावर असायचा. चित्रपटगृहं तिथेच आणि ज्याच्या तळघरांना लोक वर्षानुवर्षं घाबरत आले ते गृहमंत्रालयही त्याच रस्त्यावर. २४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तिथून जवळच, मोहम्मद पाचवा रस्त्यावर, राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षारक्षकांच्या बसमध्ये बॉम्बस्फोट झाला. बारा रक्षक ठार झाले. रात्री नऊ ते पहाटे पाच संचारबंदी लागली. महोत्सव गुंडाळला जाईल असं कुणालाही वाटलं असतं. आयोजकांनी तो चालू ठेवला, खेळांच्या वेळा संचारबंदीच्या आत आणल्या आणि दुसऱ्या दिवशी तिकिटांच्या खिडक्यांसमोर नेहमीसारख्या रांगा लागल्या. महोत्सव ठरलेल्या दिवशी संपला आणि लैला बूझीदच्या चित्रपटाला कांस्य तानीत मिळालं.